पावणेचारचा उंचवटा

डीपी तिसऱ्यांदा जळली तेव्हा
कार्यालयाचं पत्र आलं:
वाकणवाडीतील सरासरी घराचा वापर कळवावा.
बाबा लाइनमन. पत्र माझ्यापुढे टाकून म्हणाले,
"सरासरी घर कुठल्या आळीत येतं, ते विचार त्यांना."

म्हणून मी वाडी केली. संगणकात.
एकशे त्र्याऐंशी मीटर, एकशे त्र्याऐंशी ठिपके.
शास्त्रात ह्या ठिपक्यांना एजंट म्हणतात.
आमच्याकडे एजंट म्हणजे विम्याचा,
नाहीतर जेटीवर सुरमईची बोली धरणारा;
आई विचारत राहिली, कमिशन किती घेतात गं हे?

काही घेत नाहीत. थोडे नियम पाळतात.
अंधार आणि घरात माणूस: दिवा.
नारळ फोडला: मिक्सर, तीन मिनिटं.
सकिना मुकादमचा ठिपका बर्फाची पेटी कधी बंद करत नाही.
चोगल्यांच्या ठिपक्यात दोन सुना, एक गीझर,
आणि बिल बघून ओरडणारा सासरा;
तो ओरडला की चार दिवस गीझर गार.
शेजारी इन्व्हर्टर आला की आपल्याकडेही यावा, असं वाटणं
मी शून्य पूर्णांक तीन धरलं.
पालेकरांच्या घराला सात वर्षं कुलूप,
तरी महिन्याला सहा युनिटं.
तेव्हा नियम लिहिला: कुलूप म्हणजे शून्य नव्हे.
पुढची चौकशी केली नाही. कुंपणावरून गेलेली वायर
बाबांनाही दिसतेच की.

मग वाडीवर वारा सोडला.
तार तुटली, लाइट गेली,
आणि पडद्यावर दिसलं, जे आम्ही सगळेच करतो:
आल्याचं कळावं म्हणून
प्रत्येक घर एक बटण चालू ठेवतं.
एकच. कुणी पंखा, कुणी टीव्ही,
शिवाय तासन्‌तास तापलेले फ्रिज.
लाइट येते, आणि एकशे त्र्याऐंशी घरं
एकदम श्वास ओढतात.
त्या श्वासात डीपी जाते.

एवढं जुळलं. एक उंचवटा मात्र जुळेना.

बाबांनी खांबावर बसवलेली डबी
दर पंधरा मिनिटांनी खरं काय ते लिहिते.
जूनचा दुसरा पंधरवडा, मासेमारीला बंदी,
होड्या झापांखाली, इंजिनं उतरवून खळ्यात,
माझे ठिपके पहाटे निजलेले, शहाण्यासारखे.
डबीत मात्र पावणेचारला भार चढतो,
चाळीसेक ट्यूबलाइटींएवढा,
आणि साडेपाचला उतरतो.
सकिनाची पेटी वजा केली. पाण्याचे पंप वजा केले.
अभ्यासाची पोरं? जूनमध्ये कोण अभ्यास करतं.

शेवटी एका रात्री मी आणि बाबा बॅटरी घेऊन निघालो.
खालच्या आळीत पडव्या उजळलेल्या.
बाहेर पाऊस, आणि पडवीपडवीत एकेक पुरुष.
कुणी जाळं सांधत होता,
कुणी कपबशी घेऊन नुसताच बसलेला.
"काय नाखवा, झोप नाय?"
हिराजी पावसे सरकून आम्हाला जागा देत म्हणाला,
"बंदी होडीला घातलीय सरकारनं.
डोळ्याला कागद नाय आला अजून."

घरी येऊन ठिपक्यांना आणखी एक आकडा दिला: सवय.
वर्षावर वर्षं चढते, रिकाम्या दिवसांत थोडी झिजते.
झिजण्याचा वेग शोधण्यात तीन रात्री गेल्या.
हिराजीचा मी शून्यच ठेवला.
उंचवटा बसला, डबीवर अगदी रेघेला रेघ.

अहवालात लिहिलं: त्रेसष्टची डीपी काढून शंभरची बसवावी,
लाइट आळीआळीने सोडावी,
दोन आळ्यांमध्ये तीन मिनिटं थांबावं.
दीड महिन्यानं उत्तर आलं:
अहवाल मिळाला. सरासरी कळवावी.

बाबांनी ते घडी घालून चष्म्याच्या डबीत ठेवलं.
मग पडद्याकडे बराच वेळ बघून म्हणाले,
"यात आपलं घर कुठाय?"

घातलंच नव्हतं.
एकशे चौऱ्याऐंशी. नियम लिहायला बसले:
लाइट गेली की ह्या घरातला माणूस बाहेर.
लाइट आली तरी लगेच परत नाही.
तो येईपर्यंत मागच्या दारी दिवा, आठ वॅटचा.
एवढ्यानं भारात काही फरक पडत नाही,
मी चालवून पाहिलं.
राहू दिला.